वर्षालीचा डावा गुडघा

मोठ्या माणसांची चरित्रं लिहायला पुष्कळ जण बसलेले आहेत. मी आमच्या गल्लीतल्या वर्षालीचं लिहितो आहे. ती अकरावीत शिकते. तिच्या नावाचा रस्ता सोडाच, तिच्याकडे अजून मोपेडचं लायसन्सही नाही. यात काय लिहिण्यासारखं, असं ज्याला वाटत असेल त्यानं खुशाल पान उलटावं. माझी उभी हयात रेल्वेत गेली, आणि गाडी चुकलेल्यांची समजूत काढत बसायची मला सवय नाही.

सिंदीला रेल्वे लाइनीच्या अलीकडे आमची गल्ली आहे. वर्षालीचं घर आणि माझं घर यांत एक भिंत, तीही अशी पातळ की त्यांच्याकडे फोडणी पडली की मला शिंक येते. वर्षालीचा बाप रूपराव जिनिंगमध्ये मशीनवर काम करतो. हंगामात तो घरी येतो तेव्हा केसांत, भुवयांत, कानांत कापसाचे तंतू अडकलेले असतात आणि चाळिशीतला माणूस सत्तरीचा दिसतो. आई जयवंता शाळेत पोरांची खिचडी शिजवते. आवाज असा की तिनं ओसरीतून हाक मारली तर फलाटावरचा माणूस वळून बघेल. या दोघांची ही एकुलती एक पोट्टी, लहानपणापासून एका जागी बसली तर शपथ.

ती आट्यापाट्या खेळते. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना हा खेळ माहीत नसला तर दोष त्यांचा, पण सांगतो. जमिनीवर फक्कीनं आडव्या पाट्या आखायच्या. प्रत्येक पाटीवर एक जण पहारा देतो. समोरच्या संघानं एकेक पाटी ओलांडत पलीकडे जायचं आणि परत यायचं. हात लागला की बाद. या सगळ्या पाट्यांना मधोमध उभी छेदून जाणारी एक लांब पाटी असते, आणि तिच्यावर जो पळतो त्याला म्हणतात सूर. बाकीच्यांना आपापली पाटी सांभाळली की झालं. सुराला सगळं मैदान सांभाळावं लागतं. पळता पळता थांबायचं, थांबता थांबता वळायचं, आणि समोरच्याची हूल खरी की खोटी हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळखायचं. नववीत असतानाच वर्षाली आमच्या संघाची सूर झाली होती. तिला खेळवणारे बंडूजी म्हणायचे, अशी सूर सिंदीनं बघितलेली नाही. बंडूजी सहसा कोणाला चांगलं म्हणत नाहीत, म्हणून हे सांगितलं.

तर नववीतच, संक्रांतीनंतरच्या सामन्यांत, केळझरच्या मैदानावर तिचा डावा गुडघा गेला.

केळझरच्या संघात काजल नावाची मुलगी होती, वर्षालीच्याच वयाची, सडपातळ, वाऱ्यासारखी. काजलनं उजवीकडे जायची हूल दिली आणि डावीकडे निघाली. वर्षालीनं ते ओळखलं, वळली, पण तिचं पाऊल काळ्या मातीच्या भेगेत रुतलेलं होतं. अंग वळलं, पाय तिथंच राहिला. आत काहीतरी तुटल्याचा आवाज तिला आला, आणि ती म्हणते की तो आवाज काजललाही ऐकू गेला. काजल पाटी ओलांडायची सोडून तिथंच खाली बसली आणि तिनं वर्षालीचं डोकं मांडीवर घेतलं.

गाडीत घालून तिला घरी आणली तोवर गुडघा टम्म फुगला होता. वाटी कुठली नि मांडी कुठली, ओळखू येत नव्हतं. पोट्टी दुखण्यानं रडत नव्हती. एकच विचारत होती.

"काकाजी, मले सूर म्हनून पुन्हा खेळता येईन ना?"

"काऊन नाई येनार? मुरगळला असन," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आता रूपरावबद्दल बोललं पाहिजे. आमच्याकडे सुजेवर बिबा लावायची जुनी रीत आहे. कंबर धरली, बिबा. टाच दुखली, बिबा. रूपरावचा जीव कासावीस झालेला. त्यानं दिव्यावर बिबा धरला, सुई टोचून त्याचं काळं तेल काढलं आणि गुडघ्याभोवती गोल कडं ओढलं. वरून गरम मिठाची पुरचुंडी करून शेकलं. पोरीचा घाम पुसत होता आणि म्हणत होता, "सकाळी सूज उतरते पाह्यजो. माह्या बापाची असीच उतरली होती." त्याच्या बापाची खरंच उतरली होती, ते मी स्वतः बघितलं होतं. म्हणून मीही मान डोलावली आणि शेकायला हातभार लावला. जयवंता तेवढी म्हणत होती, डॉक्टरला दाखवू, आधी डॉक्टरला दाखवू. तिचा एवढा मोठा आवाज, पण त्या दिवशी आम्हा दोघा शहाण्यांपुढे तो चालला नाही.

दुसऱ्या दिवशी बिबा उतला. गुडघ्याभोवती पाण्यानं भरलेले फोड आले, कातडी लालभडक झाली, आणि सूज उतरायची तर दूरच, उलट वाढली. मग मात्र जयवंतानं कोणाला विचारलं नाही. रिक्षा बोलावली, पोरीला उचलून आत घातली आणि वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. आम्ही दोघं मागून गाडीनं गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी मशीनमध्ये घालून फोटो काढले. गुडघ्याच्या आतलं लिगामेंट पार तुटलं होतं. ऑपरेशन करावं लागेल, म्हणाले. रूपराव म्हणाला, करा, आजच करा. डॉक्टर नाही म्हणाले.

"कातडीवर फोड असताना चीर देता येत नाही, आतमध्ये जंतू जातात. आणि फोड नसते तरी मी आज केलं नसतं. हा गुडघा आतून पेटलेला आहे. रक्त साचलंय, पाणी साचलंय, आतलं अस्तर सुजलंय. अशा गुडघ्यात हात घातला तर तो पुढं आखडून बसतो, मग लिगामेंट नवं असून काय उपयोग? आधी त्याला शांत होऊ द्या. सरळ होऊ द्या, वाकू द्या. शिवाय हिची हाडं अजून थोडी वाढायची आहेत. वाढीच्या जागेला धक्का न लावता काम करायचं आहे. घाई नको."

ज्या सुजेला आम्ही वरवरची समजून शेक देत होतो, ती आतून पेटलेली होती. म्हणजे आम्ही आगीत तेल ओतलं, तेही बिब्याचं.

मग आम्हाला व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे पाठवलं. तिचं नाव सपना. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला राहणारी (आमची सिंदी वेगळी), लहान चणीची, चष्मेवाली, बोलायला फटकळ. तिनं गुडघा बघितला आणि चष्मा वर सारला.

"बिबा कोनं लावला?"

 रूपरावनं शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. मला माझाही करावासा वाटला, पण मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"आता हा गुडघा जोवर माह्याकडं हाये, तोवर गरम काई लावायचं नाई," ती म्हणाली. "शेक नाई, मालिश नाई, बिबा तर नाईच नाई. फोड सुकतवर फक्त पाय उंच. मग कपड्यात गुंडाळून बर्फ."

रूपरावचे डोळे भरून आले. "म्या पोरीचा पाय जाळला," तो म्हणाला. सपनाचा आवाज लगेच मऊ झाला. "पाय नाई जळला, दादा. कातडी भरून येते. काळा डाग राहीन फक्त. पन इथून पुढं तुम्हीच तिचे डॉक्टर. या, हात दाखवा."

आणि तिनं त्याला एक गोष्ट शिकवली. गुडघ्याच्या आतल्या बाजूनं तळवा खालून वर फिरवायचा, म्हणजे तिथं साचलेलं पाणी वर सरकतं. मग बाहेरच्या बाजूनं वरून खाली फिरवायचा आणि आतल्या खळगीकडं बघत राहायचं. आत पाणी असलं, तर खळगीत एक बारीक लाट उठते. लाट दिसली, की गुडघा अजून चिडलेला आहे. नाही दिसली, की शांत आहे.

"माप-फिप काई नाई. फक्त लाट पाहायची," सपना म्हणाली.

फोड बसू लागले तसा रूपराव रोज सकाळी जिनिंगला जायच्या आधी ओसरीत बसायचा, पोरीचा पाय मांडीवर घ्यायचा आणि लाट बघायचा. यंत्रावर राबून खरखरीत झालेले ते हात, पण गुडघ्यावर असे फिरायचे की बघणाऱ्याला गलबलून यावं. लाट यायची. रोज यायची. तो उठायचा, आणि जाताना एकच सांगायचा, "हळू जाजो." पोरगी चार पावलं न्हाणीघरापर्यंत चालली तरी हळू जाजो. पलंगावरून उतरली तरी हळू जाजो. जयवंता वैतागून म्हणायची, याच्या तोंडात आता दुसरा शब्दच नाही.

फोड सुकले. माझ्या फ्रिजचा बर्फखाना झाला. दूध नासलं, भाज्या बाहेर पडून सुकल्या, पण वरचा कप्पा वर्षालीच्या बर्फाला. मांडीचा स्नायू तर जणू रुसूनच बसला होता. सपना म्हणायची, गुडघ्यात सूज असली की मांडी काम बंद करते, तिला रोज उठवावं लागतं. म्हणून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाय सरळ उचलून धरायचा, टाच सरकवत गुडघा वाकवायचा. जो जीव गल्लीभर उधळायचा, तो टॉवेल दाबत बसला. मी बाजूला बसून पेपर वाचायचो आणि तिची कुचेष्टा करायचो, "काय सूर, टॉवेल बाद झाला का?" ती टॉवेलच फेकून मारायची. नेम चांगला होता.

होळीच्या सुमारास एक दिवस काजल घरी आली. केळझरच्या गणपतीचा नारळ घेऊन आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "माह्याच हुलीनं झालं." वर्षालीनं तिला आत ओढलं. "येडी, हूल नाई तं काय पूजा करतं तिथं? लवकर बरी होते मी, मग पाहून घेते तुले." दोघी नारळ फोडून खोबरं खात बसल्या. वैरी असावा तर असा, असं मला वाटलं.

उन्हाळा लागला आणि एका सकाळी लाट आली नाही. रूपरावनं परत बघितलं. जयवंताला बोलावून दाखवलं. मलाही बोलावलं. मला काही कळलं नाही, पण मीही म्हणालो, नाही. गुडघा पूर्ण सरळ होत होता, वाकत होता. मग डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, मांडीमागची नस काढून तिचं नवं लिगामेंट केलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, छान झालं. जयवंतानं दवाखान्याच्या गॅलरीत दोन्ही हात जोडून अशी मोठ्यांदा देवाची नावं घेतली की नर्स धावत आली.

आता गोष्ट इथं संपायला हवी होती. पण पोट्टी आमच्या सिंदीची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावचा तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा पोळा, बघायला लांबलांबचे लोक येतात. बाकीच्या गावांत लेकरं हातभर लाकडी बैल घेऊन फिरतात. आमच्याकडे काही घरांचे नंदी माणसाच्या उंचीचे असतात, चाकांवर बसवलेले, झूल घातलेले, शिंगांना बाशिंग बांधलेले. दोर लावून ते ओढत नेतात. वर्षालीच्या मामांचा नंदी असाच, दोन-तीन बाप्यांनी ओढावा असा. तिला सपनानं चालायला परवानगी दिली होती, बस. पण ढोल वाजायला लागले, नंदीचं चाक चिखलात फसलं, ओढणारे कमी पडले, आणि वर्षालीनं दोर धरला. पाय रोवून, अंग मागं टाकून, हिसके देत तिनं तो बैल चिखलातून काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती हसत घरी आली.

सकाळी रूपरावनं पाय मांडीवर घेतला. हात फिरवला. खळगीत लाट उठली, मोठी, आंधळ्यालाही दिसावी अशी.

तो रागावला नाही. पाय हळूच खाली ठेवला. मग म्हणाला, "म्या बिबा लावला, तू नंदी ओढला. दोघंबी सारखेच." वर्षाली तेव्हा पहिल्यांदा रडली. दुखण्यानं रडली नव्हती, ऑपरेशनला रडली नव्हती, आता हमसून हमसून रडली.

सपनाकडे नेलं. तिनं गुडघा चारही अंगांनी तपासला. नवी नस धड होती. पण आत परत पेटलं होतं, परत सगळं मागं गेलं होतं. "या हिवाळ्यात खेळनं नाई," सपना म्हणाली. "आता घाई केली तं नवी नसही जाते. आणि मग पुढचं मले विचारू नको." या खेपेला पोरीनं वाद घातला नाही.

तो हिवाळा तिनं मैदानाच्या कडेला बसून काढला. सिंदी हरली. लोक बोलायचे ते बोलले. कोणी म्हणे, पाय कामातून गेला, आता लग्नाचं बघा. जयवंतानं असं म्हणणाऱ्या एका बाईला भर रस्त्यात असं सुनावलं की ती अजून आमच्या गल्लीतून जात नाही. आणि वर्षाली? ती कडेला बसून बघत होती. एक दिवस सामना सुटल्यावर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काकाजी, माहीत हाये का? काजल डोयानं खोटं बोलते, खांद्यानं खोटं बोलते. कमरेनं नाई बोलत. जिकडं जायचं हाये तिकडंच तिची कंबर वळते." आत पळत असताना तिला हे कधी दिसलं नव्हतं. कडेला बसवल्यावर दिसलं.

पुढचं वर्ष सगळं शहाणपणाचं गेलं. लाट आली की थांबायचं, गेली की पुढं सरकायचं. आधी सायकल, मग एका पायावर उठबस, मग उड्या. तान्ह्या पोळ्याला मामांचा नंदी परत निघाला, तेव्हा ती माझ्या शेजारी खुर्चीवर बसून चिवडा खात होती. शेवटी सपनानं तिला एका पायावर लांब उड्या मारायला लावल्या, आधी उजव्या, मग डाव्या. डावी उडी उजवीएवढीच गेली. सपनानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "जा. खेळ."

आता आलो या संक्रांतीवर. अंतिम सामना सिंदी विरुद्ध केळझर, आणि मैदान तेच, केळझरचं. मात्र या खेपेला माती भिजवून, रोलर फिरवून सपाट केली होती, एक भेग शिल्लक नव्हती. काजलनं गावात सगळ्यांच्या मागं लागून हे करून घेतलं होतं असं नंतर कळलं.

बंडूजींचं मन कचरत होतं. वर्षालीला कडेची पाटी देऊ म्हणत होते. ती म्हणाली, "सूर द्या, नाईतर नका खेळवू." बंडूजींनी रूपरावकडं बघितलं. रूपरावनं मान हलवली. वर्षाली लांब पँट घालून, गुडघ्यावर जाड पट्टा चढवून मैदानात निघाली, आणि मी जवळजवळ ओरडलोच.

"अवं पोट्टे! पट्टा उजव्या गुडघ्याले लावला तुनं! डावा हाये ना तुहा?"

तिनं पटकन तोंडावर बोट ठेवलं. "चूप ना काकाजी! हूल पायानंच द्यायची असते, असं कोठी लिहलं हाये?"

मला क्षणभर उमगलं नाही, आणि उमगलं तेव्हा हसू आवरेना. दोन वर्षांपूर्वी गुडघा गेला हे सगळ्या केळझरला माहीत. कोणता गेला, हे किती जणींच्या लक्षात असणार? लांब पँटीत डाग दिसत नाही, टाक्यांच्या खुणा दिसत नाहीत. दिसतो फक्त पट्टा.

आणि झालं तसंच. केळझरच्या पोरी सुरापुढून जायच्या तेव्हा तिच्या पट्ट्याच्या पायाला वळायला लावायच्या. त्यांना वाटे, त्या पायावर जोर देऊन ती वळूच शकणार नाही. तो पाय तर तिचा धडधाकट. ती त्यावर फिरकी घेई आणि हात लावून मोकळी. एक बाद, दुसरी बाद, तिसरी आली तीही बाद. केळझरचे लोक कपाळाला हात लावत होते. जयवंताचा आवाज इतका चढला होता की पंचानं दोनदा वळून बघितलं. रूपराव मात्र दोन्ही मुठी आवळून बसला होता.

मध्ये पाणी प्यायला थांबले. वर्षाली खाली बसली, पायाला घाम आला म्हणून तिनं डावी पँट वर सारली. क्षणभरच. पण समोर काजल पाण्याची बाटली घेऊन उभी होती. तिला गुडघ्याभोवतीचं ते काळं कडं दिसलं. बिब्याचा डाग. मी काजलच्या चेहऱ्याकडं बघत होतो. पट्टा बघून तीही फसली होती; ती आधी चकित झाली आणि मग हळूच हसली.

 हूल फुटली होती.

शेवटचा डाव. केळझरची एकटी काजल उरली होती. ती सुराला चुकवून परत घरच्या रेषेत पोचली तर सामना त्यांचा. तिला हात लागला तर आमचा. आणि आता तिला ठाऊक होतं खरा गुडघा कोणता.

ती धावत आली. खांदा एकीकडं टाकला, नजर एकीकडं फेकली. सगळं मैदान तिकडं वळलं, मीही वळलो, बंडूजीही वळले. वर्षाली वळली नाही. ती काजलच्या कमरेकडं बघत होती. कंबर फिरली, डाव्या गुडघ्यावर वळावं लागेल अशा बाजूला. दोन वर्षांपूर्वी जे वळण घेताना पाय गेला होता, बरोबर तेच वळण.

वर्षालीनं डावा पाय रोवला. सगळं अंग त्या एका गुडघ्यावर टाकलं आणि वळली.

माझे डोळे मिटले होते, खोटं कशाला सांगू. डोळे उघडले तेव्हा तिचा हात काजलच्या पाठीवर होता आणि पंचाची शिटी वाजत होती. वर्षाली दोन्ही पायांवर उभी होती. मग सिंदीची सगळी पोरं मैदानात घुसली आणि मला पुढचं काही दिसलं नाही. काजलनंच तिला पहिल्यांदा उचललं असं म्हणतात. जयवंता दोन्ही पोरींना कवेत घेऊन रडत होती, ओरडत होती, हसत होती. माझंही नाक वाहत होतं. आनंद झाला, खूप आनंद झाला, तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

रूपराव मात्र जागचा उठला नव्हता. मी म्हणालो, "रूपराव, जितली ना पोट्टी!" तो म्हणाला, "सकाळी पाहतो, काकाजी."

सकाळी आम्ही सगळे त्यांच्या ओसरीत. जयवंतानं चहा ठेवला होता, पण घेतला कोणी नाही. वर्षालीनं पँट वर करून पाय बापाच्या मांडीवर ठेवला. काळं कडं, टाक्यांच्या खुणा, आणि कालच्या मैदानाची माती अजून नखांत. रूपरावनं तळवा आतल्या बाजूनं वर फिरवला. मग बाहेरून खाली. खळगीकडं बघत बसला. परत एकदा केलं. परत बघत बसला.

"नाई आली," तो म्हणाला.

मग त्यानं दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवले, त्यावर कपाळ टेकलं, आणि दोन वर्षांचं साठलेलं सगळं रडून घेतलं. जयवंता त्याच्या केसांतले कापसाचे तंतू काढत राहिली. थोड्या वेळानं वर्षाली म्हणाली, "बाबा, सोडा ना आता. बंडूजीनं मैदानावर बोलावलं हाये."

त्यानं पाय सोडला. ती उठली, चप्पल घातली न घातली, आणि गल्लीच्या टोकापर्यंत धावत सुटली. जयवंतानं आणि मी रूपरावकडं बघितलं. तो तिच्याकडं बघत होता, चेहराभर हसत होता, आणि हळू जाजो म्हणाला नाही.